हवे तितके दिवस राहा

मॅमनी पत्र हाताने लिहिलं होतं, निळ्या शाईत, आणि शेजारच्या मुलीकडून फोटो काढून घेऊन पाठवलं. ब्रिटनमधल्या साउथ वेल्समध्ये आईला मॅम म्हणतात, नवरा तिथला, तो म्हणतो म्हणून मीही म्हणते. व्हिसाच्या कागदांबरोबर आमंत्रणाचं पत्र जोडलेलं बरं असतं, एवढंच त्याने त्यांना सांगितलं होतं, बाकी त्यांनी आपल्या मनाने लिहिलं. मागची खोली रंगवून घेतलीय, खिडकीतून डोंगर दिसतो, रेनकोट आणू नकोस इथे ढीगभर पडलेत, सासऱ्यांची खुर्ची मी हलवलेली नाही पण तू त्यावर बसलीस तर मला आवडेल. आणि शेवटी, तू या घरची आहेस, हवे तितके दिवस राहा. वाचता वाचता मला भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या घरात मी अजून पाऊल टाकलेलं नाही. नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला, पुन्हा एकदा नीट वाचलं आणि म्हणाला, हे शेवटचं वाक्य काढायला लागेल.

त्याने लगेच फोन लावला, स्पीकरवर. समजावून सांगितलं की मॅम, कधी येणार, कधी परत जाणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार एवढंच लिही, आणि हवे तितके दिवस असं काही लिहू नकोस, त्याचा अर्थ वेगळा काढतात. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, पण मला तसंच म्हणायचंय. तो म्हणाला, माहितीय मला. दुसऱ्या दिवशी टाइप केलेलं पत्र आलं, एका पानाचं, वर तारीख, खाली सही, अमुक तारखेला येईल, अमुक तारखेला भारतात परत जाईल. नियमाला धरून अगदी व्यवस्थित. मी ते स्कॅन करून अपलोड केलं आणि तेव्हापासून ते काढून टाकलेलं वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

नियम काय आहे ते मला कळतं. आपल्याला लागतो तो स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा, त्यावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं, 2025 च्या एप्रिलमध्ये फी 127 पाउंड झाली, प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि साधारण तीन आठवड्यांत निर्णय कळतो. अधिकाऱ्याला एकाच गोष्टीची खात्री पटवायची असते, की हा माणूस खरंच भेटायला चाललाय आणि मुदत संपायच्या आत परत निघणार आहे. आता यात गंमत अशी नाही की ते संशय घेतात, संशय घेणं हे त्यांचं कामच आहे. मला लागतं ते हे, की तिथे जायचं माझं सगळ्यात मोठं कारण म्हणजे माझं लग्न, आणि कागदावर आलं की तेच कारण माझ्या विरोधात जातं. ब्रिटिश नवरा आहे म्हणजे ही तिथेच राहायचा विचार करत असणार. नोकरी असलेली, एकटी, लंडन बघायला निघालेली बाई असते तर माझा अर्ज कदाचित जास्त सरळ दिसला असता. सासूला भेटायला चाललेली सून जरा जास्तच निरखून बघावी लागते.

आणि आम्हाला तिथे राहायचं नाहीये हो. राहायचंच असतं तर त्याचा वेगळा रस्ता आहे, स्पाउस व्हिसा, त्याला उत्पन्नाची अट आहे, ती 11 एप्रिल 2024 पासून 18,600 पाउंडांवरून एकदम 29,000 वर नेली. ज्यांना खरंच बायकोला किंवा नवऱ्याला घरी न्यायचंय आणि पगार तेवढा नाही त्यांचं काय होत असेल, याचा विचार मी त्या आकड्यासमोर बसून बराच वेळ केला. आमचं घर पुण्यात आहे, दोघांच्या नोकऱ्या इथे आहेत, मी कॉलेजात शिकवते, सेमिस्टरच्या मध्ये प्राचार्य सुट्टी देतात हेच खूप. पण हे मला माहीत असून काय उपयोग, ते त्या फाईलमधून दिसायला पाहिजे.

तर ते दिसावं म्हणून आम्ही कागद जमवायला बसलो. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, इन्कम टॅक्स रिटर्न, कॉलेजचं पत्र की ही अमुक तारखेला कामावर परत रुजू होणार, घराचे कागद, लग्नाचं सर्टिफिकेट. आमचं लग्न 1954 च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालं, आधी तीस दिवस आमची नोटीस सरकारी ऑफिसात लागली होती, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. तेव्हाही मला वाटलं होतं की दोन माणसांनी एकत्र राहायचं ठरवलं तर त्यावर महिनाभर लोकांचं मत कशाला मागवायचं. ऑनलाइन फॉर्म भरताना तो एकेक प्रश्न विचारत होता आणि मी उत्तरं सांगत होते. दरमहा खर्च किती, यूकेत नातेवाईक कोण, मागच्या दहा वर्षांत कुठे कुठे गेलात, कधी व्हिसा नाकारला गेलाय का, कधी दहशतवादाला पाठिंबा दिलाय का, युद्धगुन्ह्यात सहभाग होता का. वडिलांची जन्मतारीख. बाबांची जन्मतारीख म्हणजे शाळेत मास्तरांनी टाकलेली 1 जून, त्यांच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी. खरी तारीख आजीलाही आठवत नव्हती, नांगरणी झाली होती आणि पहिला पाऊस पडायचा होता एवढंच ती सांगायची. मी 1 जून सांगितली, त्याने टाइप केली, आणि बाबा त्या स्क्रीनवर एका चौकटीत येऊन बसले.

मग दादाने सुचवलं की सातबारा जोड.

आमचं गाव वाईजवळ. बाबा गेल्यावर वारस नोंद झाली, आई, दादा आणि मी अशी तीन नावं चढली. तेव्हा गावातल्या काही लोकांनी दादाला सुचवलं होतं की बहिणीचं हक्कसोडपत्र करून घे, तिचं लग्न असं परदेशी माणसाशी झालंय, उद्या काय सांगता येतं. हे सगळीकडेच होतं, लग्न झालेली मुलगी सही करून मोकळी होते, त्याबदल्यात माहेर शाबूत राहतं असं धरून चालतात. दादाने ऐकून घेतलं आणि आईने चहाचे कप उचलता उचलता सांगितलं की तिचं नाव राहणार, यावर बोलायचं नाही. त्या वेळी मला त्या नावाचं फार काही वाटलं नव्हतं, जमीन दादाच कसतो, हळद आणि थोडा ऊस, मी दिवाळीत जाते आणि काढणीला जाते एवढंच. आता दादाने तलाठ्याकडून सही शिक्क्याचा उतारा आणला, शिवाय ऑनलाइन डिजिटल सहीचा काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, आणि मी त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्यायला निघाले, कारण कागद इंग्रजीत किंवा वेल्शमध्ये नसेल तर प्रमाणित भाषांतर लागतं. वेल्श चालतं हे वाचून नवऱ्याला फार बरं वाटलं, त्याच्या आजीच्या पिढीला शाळेत जी भाषा दाबून ठेवावी लागली तिला आज सरकारी फाईलमध्ये इंग्रजीच्या शेजारी जागा आहे. भाषांतर करणाऱ्या बाईंना भोगवटादार, जिरायत, बागायत, पोटखराबा हे सगळं इंग्रजीत बसवताना घाम फुटला. पोटखराबा, म्हणजे पिकाला न येणारी जमीन, तीही आमच्या नावावर आहे आणि तीही फाईलमध्ये गेली.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव, लग्नाआधीचंच. ही बाई परत येईल कारण तिची इथे माती आहे, असं तो कागद कुठल्यातरी अधिकाऱ्याला सांगणार होता. आणि ते खरंही होतं, पण मी परत येते ती त्या मातीमुळे येत नाही, आईच्या गुडघ्यांमुळे येते, वर्गातल्या पोरांमुळे येते, मला इथे राहायचंय म्हणून येते. याचा उतारा कुठे मिळत नाही.

नवऱ्याच्या बाबतीत आपल्या सरकारने काही कमी विचारलं असं नाही, हेही सांगायला पाहिजे. सुरुवातीची वर्षं त्याला मुदतीच्या व्हिसावर काढावी लागली, रजिस्ट्रेशन, मुदतवाढ, दर वेळी आमचा एकत्र फोटो आणि घराचा भाडेकरार. भारतीय माणसाशी लग्न केलेल्याला ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, कार्ड मिळतं पण लग्न नोंदवून दोन वर्षं व्हायला लागतात आणि चौकशी होते. चौकशीला एक हवालदार घरी आले होते. शेजारच्या काकूंना विचारलं की हे दोघं खरंच एकत्र राहतात का, भांडणं होतात का. काकूंनी ठणकावून सांगितलं की आमच्या गणपतीच्या आरतीला येतो तो. हवालदारांनी बूट बाहेर काढले, चहा घेतला, नवऱ्याला मराठीत नाव विचारलं आणि त्याने मराठीत सांगितल्यावर हसले. ते चांगलेच वागले. पण ते गेल्यावर तो खूप वेळ गॅलरीत उभा होता. कार्ड मिळालं आणि आता त्याला आयुष्यभर इथे येता जाता येतं, दर वेळी व्हिसा काढायला लागत नाही, शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. माझ्याकडे तसलं त्याच्या देशाचं काही नाही. एकाच कपाटात एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आमचे दोघांचे पासपोर्ट असतात, आणि घरात कुठलीही वाईट बातमी आली की पहिल्यांदा त्या दोन पासपोर्टांमधला फरक समोर येतो.

सासरे 2021 च्या मे महिन्यात गेले. त्याच्या आधी महिनाभर, 23 एप्रिलला, ब्रिटनने भारताला कोविडच्या रेड लिस्टवर टाकलं होतं. ब्रिटिश आणि आयरिश नागरिक आणि ज्यांना तिथे राहायचा हक्क आहे त्यांनाच आत घेत होते, तेही दहा दिवस हॉटेलात कोंडून. बाकीच्यांना बंद. म्हणजे मुलगा जाऊ शकत होता आणि सून नाही. मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं, तेव्हा इथे रात्रभर अँब्युलन्सचे आवाज यायचे, कुणी कुणाला कुठे येऊ देणार. त्याची बॅग मी भरली, काळा सूट इस्त्री करून घातला. तिकडे अंत्यविधीला दोन तीन आठवडे लागतात म्हणून तो हॉटेलातून सुटून वेळेवर पोचला. मारगमच्या क्रिमेटोरियममधून ऑनलाइन दाखवण्याची सोय होती, त्यांनी मला लिंक आणि पासवर्ड पाठवला. आपल्याकडची संध्याकाळ. कॅमेरा मागच्या भिंतीवर उंच लावलेला, त्यामुळे मला सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या, रिकाम्या सोडलेल्या खुर्च्या, आणि अगदी पुढे मॅम आणि तो, खांद्याला खांदा लावून. त्यांनी एक स्तोत्र लावलं, आवाज अडकत अडकत येत होता. मी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपसमोर उभी राहिले, बसावंसं वाटेना. शेवटी पडदा सरकला तसा मी नमस्कार केला. मग स्क्रीनवर आलं की प्रक्षेपण संपलं आहे.

मॅम त्या घरात एकट्या आहेत तेव्हापासून.

सासरे पोर्ट टॅलबटच्या स्टीलच्या कारखान्यात होते, ब्रिटिश स्टीलच्या काळात लागले. 2007 मध्ये टाटांनी कोरस, म्हणजे तेव्हा तो कारखाना चालवणारी कंपनी, घेतली तेव्हा तोच कारखाना टाटांचा झाला. 2018 मध्ये लग्नाला दोघं पुण्यात आले होते, त्यांना आपला ई-व्हिसा घरबसल्या मिळाला, तेव्हा ते रस्त्यात प्रत्येक टाटाच्या ट्रकचा फोटो काढायचे, रिक्षा थांबवायला लावून. हा माझ्या गावचा आहे म्हणायचे. आईला त्यांचं इंग्रजी कळत नव्हतं पण ट्रक दिसला की आईच त्यांना हाताने दाखवायची. 2024 च्या सप्टेंबरअखेर तिथली शेवटची ब्लास्ट फर्नेस, लोखंड वितळवायची भट्टी, बंद झाली, मॅम म्हणाल्या की रात्री खिडकीतून दिसणारा उजेड गेला. आयुष्यभर खिडक्यांच्या चौकटींवर बसणारी धूळ पुसली आणि आता चौकट स्वच्छ राहते तर बरं वाटत नाही असं म्हणाल्या.

आमचे एक चुलत आजोबा साठच्या दशकात बॅलार्ड पिअरवरून बोटीने इंग्लंडला गेले होते आणि मागाहून त्यांची बहीण त्यांना भेटायला जाऊन आली, नऊवारीत. तिचा तिथला बर्फातला फोटो आमच्या गावच्या घरात होता. लहानपणी मला त्यात फक्त बर्फ दिसायचा. आता कळतं की तिला भेटायला जायला व्हिसाच लागला नव्हता, भारतीयांना ब्रिटनमध्ये नुसतं भेटायला जायला व्हिसा 1986 पासून लागायला लागला, आणि त्याच्या दोनच वर्षं आधी आपणही ब्रिटिशांना तो लावला होता. विमानतळावरचा अधिकारी प्रश्न विचारायचा, अडवायचाही, पण दारात उभं राहून विचारायचा. आता दार येण्याआधीच, घरी बसून, कधी न भेटणाऱ्या माणसाला सगळं पटवून द्यायचं असतं. आणि नाही म्हणाला तर अपील नाही, नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना अपिलाचा हक्क होता तो 2013 मध्ये काढून टाकला. पुन्हा फी भरा, पुन्हा अर्ज करा, आणि त्यापुढे आयुष्यभर जगातल्या प्रत्येक फॉर्ममध्ये नाकारला होता का या प्रश्नाला हो म्हणा.

व्हिसा सेंटरमध्ये माझ्या पुढे एक आजी आजोबा होते, गावाकडचे, बरोबर कुणी नाही. मुलीचं बाळंतपण होतं लेस्टरला. आजोबांच्या बोटांचे ठसे उमटेनात. काउंटरवरची मुलगी चांगली होती, तिने काच पुसली, त्यांना ओला टिश्यू दिला, मग कोरडा दिला, म्हणाली बाबा जरा जोर द्या. त्यांनी चारही बोटं काचेवर दाबून धरली, नखं पांढरी झाली. बोटांची कातडी इतकी घासलेली की रेघाच उरल्या नव्हत्या, शेतात उभा जन्म गेला की होतं तसं, बाबांची अशीच होती. आजी त्यांच्याकडे न बघता हातातल्या फाईलची दोरी गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. शेवटी मशीनने आवाज केला आणि ते मागे वळून मला म्हणाले, झालं बघा. माझे ठसे एका दमात उमटले. मला त्या मुलीने विचारलं कशासाठी चाललाय, मी म्हटलं सासूबाईंकडे, तर तिने मान वर केली आणि हसली, म्हणाली पहिल्यांदाच? मी हो म्हटलं. त्या दिवसात कुणीतरी मला हा प्रश्न कुठलाही कागद न मागता विचारला होता.

मग नुसतं थांबायचं. त्या दिवसांत आमची थोडी भांडणं झाली. तो म्हणायचा, नाकारला तर मीही जाणार नाही. मी म्हणायचे, असं बोलायचं नाही, त्या वाट बघतायत, तू जायचंच. त्याला स्वतःच्या देशाचा राग येत होता आणि मला त्याला तो राग येऊ द्यायचा नव्हता, कारण तो राग शेवटी मॅमच्या घराला लागतो, त्या डोंगराला, त्या समुद्राला. त्याला त्याचं गाव आवडलेलंच मला हवंय. एकदा तर मी सरळ म्हटलं की तू माफी मागायची नाहीस, तू तो नियम केलेला नाहीस. तो म्हणाला, पण तो नियम माझ्या बाजूने आहे.

यावर मला उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

व्हिसा मिळाला. ईमेल आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते, निर्णय झालाय, पासपोर्ट घेऊन जा, एवढंच असतं त्यात, निर्णय काय ते पाकीट उघडल्यावर कळतं. पाकीट मी तिथेच सेंटरच्या जिन्यात उभं राहून फाडलं. इतका आनंद झाला की पाय थरथरायला लागले आणि त्याच वेळी वाईटही वाटलं, आपल्याच माणसांना भेटायला परवानगी मिळाली याचा इतका आनंद व्हावा म्हणून. कुठल्या कागदाने काम झालं ते कळत नाही, दादा ठाम आहे की सातबाऱ्यानेच झालं, आई म्हणते तिने मांढरदेवीला बोललं होतं. मॅमना फोन केला तर त्यांनी आधी विचारलं की तुला रात्री किती पांघरुणं लागतात.

तिकिटं काढली आहेत, सेमिस्टर सुरू व्हायच्या आत परत. हीथ्रोला उतरल्यावर तो माझ्याबरोबर दुसऱ्या रांगेत उभा राहणार म्हणतोय, कुटुंबाबरोबर असेल तर चालतं म्हणे. मी म्हटलं नको, तू तुझ्या रांगेतून पुढे हो, बॅगा काढ आणि मॅमना फोन लाव की पोचलो. मला काय विचारायचं ते विचारू देत त्यांना. उत्तरं पाठ आहेत, आणि खरीही आहेत.